फुग्याच्या आत की बाहेर

खरं सांगते, विश्वाच्या जन्माचा मला कंटाळा आला होता. दिवसातून सहा वेळा विश्व जन्माला घालायचं म्हटलं की कोणालाही येईल. आमचं तारांगण फुगवून उभं करायचं असतं. काळ्या कापडाचा घुमट, त्याला मोठा पंखा लावला की हवा भरून उभा राहतो. तो गाडीत घालून शाळाशाळांत न्यायचा, पोरांनी चपला काढून बोगद्यातून रांगत आत यायचं, आणि मी अंधारात उभं राहून तेच ते बोलायचं. तारे वायूचे असतात, तेही जन्मतात, म्हातारे होतात, आपल्या रक्तातलं लोखंड त्यांच्याच पोटात तयार झालं. अकरा वर्षं हेच. घसा बसला तो बसलाच.

सुरुवात तेवढी माझी स्वतःची होती. "आधी काहीच नव्हतं," असं हळू आवाजात म्हणायचं, पोरं चिडीचूप झाली की ओढणीखाली धरलेला फुगा टाचणीने फोडायचा. फट्ट! पोरं किंचाळायची, मग हसायची. मी म्हणायचे, असा झाला विश्वाचा जन्म. पुढच्या अर्ध्या तासात त्यांचं एवढं लक्ष पुन्हा कधी लागायचं नाही, म्हणून त्या फुग्यावर माझा फार जीव होता.

मार्चमध्ये आम्ही खापरखेड्याच्या एका शाळेत होतो. पटांगणात ऊन मी म्हणत होतं आणि घुमटाच्या आत पोरांच्या घामाने जीव घुसमटत होता. पाचवा खेळ. फुगा फुटला, सगळी ओरडली, पुढे बसलेली सहावीतली एक मुलगी मात्र ओरडली नाही. तिच्या एका कानात कापसाचा बोळा होता. मी आकाशगंगेपर्यंत पोचले होते तेव्हा तिने मधेच विचारलं,

"मॅडम, फुगा फुटला तेव्हा आपण कुठी होतो? आत का बाहेर?"

मला उत्तर येत नव्हतं. येत नाही म्हटल्यावर डोकंच भनकलं.

"काहून मधात बोलून राहिली वं? चूप बस."

पोरं खी खी हसली. तिने मान खाली घातली. मी आकाशगंगा संपवली आणि त्यानंतर सहावा खेळही केला.

सक्करदऱ्याला घरी पोचले, आंघोळ केली, चहा घेतला, तरी तो प्रश्न डोक्यातून जाईना. फुगा माझ्या हातात, पोरं समोर. म्हणजे मी सगळ्यांना विश्वाच्या बाहेर बसवून त्याचा जन्म दाखवत होते की काय? कपाटातून जुनी पुस्तकं काढली. त्यांत स्वच्छ लिहिलेलं होतं. तो फटाक्यासारखा स्फोट नव्हताच. एखाद्या जागी तर नाहीच नाही. जागाच पसरत गेली, सगळीकडे एकदम, आणि अजून पसरते आहे. तिला मध्य नाही, आणि बाहेर असं काही मानायची गरजही नाही. हे मी कॉलेजात शिकले होते, बाप्पा! आणि अकरा वर्षं पोरांना भलतंच सांगत आले. मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी वाडीच्या आमच्या गोदामात घुमट झाडायला मी त्याच्या आत शिरले आणि गाडीच्या चालकाला बाहेरून पंखा लावायला सांगितलं. कापड उठायला लागलं. भोकांवर चिकटवलेली पांढरी ठिगळं एकमेकांपासून लांब जात होती, सगळीच्या सगळी, आणि फुटत काहीच नव्हतं. मी आत उभी होते. त्या पोरीला हेच दाखवायचं, ठरलं. कितीतरी दिवसांनी मला कोणाला काही सांगायची घाई झाली होती.

तीन आठवड्यांनी राहिलेल्या वर्गांसाठी त्याच शाळेत गेलो. मुख्याध्यापिकांना सांगून तिला खेळाच्या आधी एकटीला बोलावून घेतलं, कापडाच्या आत माझ्याजवळ उभं केलं आणि पंखा लावायला लावला. ठिगळं लांब जाताना दाखवली. म्हटलं, आपण सगळे आतच होतो, बाहेर कोणीच नव्हतं. तुझा प्रश्न बरोबर होता, माझा फुगा चुकला. त्या दिवशी तुझ्यावर ओरडले, तेही चुकलंच.

तिने सगळं नीट ऐकून घेतलं. कानातला बोळा आता नव्हता. घुमट पुरता फुगेस्तोवर मी थांबले आणि म्हणाले की आता विचार, मनात येईल ते विचार, मी कुठे जात नाही.

"नाही मॅडम," ती म्हणाली. "आता मी मधात नाही बोलत."

आणि शाबासकीची वाट पाहत माझ्याकडे बघून हसली.