ओव्हनचं सानं

वहिनी,

माय मला उदगीरच्या स्टेशनावर सोडायला आली होती, तेव्हा तुम्ही अजून आपल्या घरात यायच्या होतात. बंगळूरची गाडी लागली, यांनी बॅगा चढवल्या आणि माय खिडकीशी आली. रडली नाही. पिशवीतून पत्र्याची एक डबी काढून तिने माझ्या हातात दिली. आत सुया, चार रंगांची रिळं, थोडी बटणं. "तिकडं मिळतंय न्हाई मिळतंय, ठेव," म्हणाली. बंगळुरात सुई मिळत नाही की काय, म्हणून मला हसू आलं. बिदर येईपर्यंत मात्र ती डबी छातीशी धरून मी ढसाढसा रडले.

तुम्हाला ठाऊकच आहे, माय जळकोटात एका टेलरसाठी घरी बसून काज-बटणं करायची. शर्ट विरून जायचा, पण तिचं काज उसवायचं नाही. मी इकडे येऊन नोकरीला लागले, मीटिंग आणि डेडलाइन असे शब्द तोंडी बसले, भाजीवाल्याशी भांडण्याइतकी कन्नडही आली. डबी कपाटात वरच्या फळीवर गेली. बटण तुटलं की मी शर्ट बाजूला टाकायचे.

तो दुष्काळाचा उन्हाळा तुम्ही भोगलाय. बोअर आटलेली, टँकरसाठी घागरींची रांग आणि पारावर एकच चर्चा, की उदगीर जिल्हा होणार, आपण त्यात जाणार. दादा म्हणाला, मायला थोडे दिवस तिकडे ने. मी आणलं. गाडीत शेजारच्या माणसाने नव्या जिल्ह्याचा विषय काढला, तर माय म्हणाली, "जिल्हा नवा करायलेत, पाणी जुनंच द्या म्हणावं." सगळा डबा हसला.

फ्लॅटमध्ये तिला सगळ्यात आवडला तो मायक्रोवेव्ह. जाळ नाही, धूर नाही, तरी दूध उतू जातंय! तिने त्याच्या कुशीवरच्या बारीक फटींवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ह्या फटी कशाला गं?" माझ्या कानात हेडफोन होता. मी म्हटलं, "असंच असतं माय."

चूक इथेच झाली, आणि ती माझी होती. आपल्या माळवदाच्या घराला चुलीवर छतात भोक होतं ना, धूर जायला आणि उजेड यायला, तसंच हे होतं. आपण त्याला सानं म्हणायचो. चूल पेटलेली असताना ते झाकायचं नाही, हे मायने मला लहानपणी चापट मारून शिकवलं होतं. ते त्याचं सानं आहे, एवढे चार शब्द मी बोलले असते, तर पुढचं काही घडलंच नसतं.

आमच्या समोरचा रस्ता तेव्हा खणला होता. धूळ यायची. जळकोटात वावटळ उठली की माय चूल विझवून सान्यावर पत्रा ओढायची, तीच सवय. तिने आपलं जुनं इरकली लुगडं कापलं आणि मायक्रोवेव्हला तिन्ही बाजूंनी घट्ट बसेल असं कव्हर शिवलं. मी न बघताच छान म्हटलं. आठ दिवसांनी दूध गरम करताना जळका वास आला आणि मशीन बंद पडलं.

मेकॅनिक आला. वयस्क, शांत माणूस. त्याने कव्हर काढलं, आतून तेलकट धूळ निघाली. तो कन्नडमध्ये मला समजावून सांगत होता. गाळी होरगे होगबेकु, हवा बाहेर जायला पाहिजे. महिन्यातून एकदा प्लग काढून कोरड्या ब्रशने फटी झाडा, पिळलेल्या फडक्याने पुसा, पाणी मारू नका, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. मग त्याने विचारलं, हे झाकलं कोणी? माय चहाचा कप घेऊन तिथेच उभी होती. तिला कळू नये म्हणून मी कन्नडमध्येच म्हणाले, "हळ्ळी जना, अवरिगेनु गोत्तु." खेड्यातली माणसं, त्यांना काय कळतंय.

माय देगलूरची. तिथल्या बाजारात लहानपणापासून तिच्या कानावर मराठी, तेलगू, कन्नड तिन्ही पडलेलं. सासरी आल्यावर ती कन्नड कधी बोलली नाही, आणि मी ते साफ विसरले.

मेकॅनिक म्हणाला, पंखा बदलला की चालेल. मी रागातच म्हटलं, घेऊन जा, नवीनच आणते. संध्याकाळी माय ते कव्हर घडी घालत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "हळ्ळीचीच हाय मी. खरं बोललीस." आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. मला तेव्हा तिचे पाय धरता आले असते. मी फोन बघत बसले.

त्यानंतर तिने स्वयंपाकघरात कशाला हात लावला नाही. पाणीसुद्धा विचारून प्यायची. "गावाला पाणी आलं आसंल आता," असं रोज म्हणायची. आलं नव्हतं, दोघींनाही ठाऊक होतं. आठवडाभराने मी तिला गाडीत बसवून दिलं. पुढे फोनवर कितीदा तरी म्हटलं, ये ना माय. ती म्हणायची, "बघू की." आणि मग माय गेल्याचा तुमचाच फोन आला.

परवा तुमचं पार्सल मिळालं. मायच्या पेटीत सापडलं, "पोरीच्या मशीनचं हाय, पुढच्या खेपंला नेते" असं म्हणायच्या, असं तुम्ही लिहिलंय. तेच इरकलीचं कव्हर. उजव्या अंगाला तिने चौदा लांब काजं केलीत, एकाखाली एक, कडा दाट टाक्यांनी बांधलेल्या. मेकॅनिकचं बोलणं तिने नीट ऐकलं होतं. फटी कधी मोजल्या, कुणास ठाऊक.

मी दर महिन्याला प्लग काढून, ब्रश घेऊन नव्या मायक्रोवेव्हच्या फटी झाडते. काल झाडून झाल्यावर कव्हर घालून पाहिलं. याच्या फटी डाव्या अंगाला आहेत. एकही काज जुळत नाही. उलटं घालून पाहिलं, तेही बसेना. जळकोटातलं माळवद पाडून तुम्ही स्लॅब टाकलाय, तिथे आता सानं नाही. सानं असलेलं माझं घर आता कुठलं म्हणाल, तर माय ज्या मशीनचं माप घेऊन गेली होती, ते. ते दुरुस्त झालं असतं वहिनी. मीच म्हटलं, घेऊन जा.