फांदी किती उंच आहे?

डॉ. निरंजना रामटेके यांना मी प्रथम पाहिले तेव्हा त्या माझ्या आईला आमच्या गावचा रस्ता विचारत होत्या. गडचिरोलीच्या जळीत वॉर्डात आईची पट्टी बदलण्याची वेळ होती. बाईंना गावी यायचे असेल, असे समजून मी बसचा मार्ग सांगू लागलो. त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, तुमी थांबा. मायलेच सांगू द्या."

आज मी त्याच वॉर्डात मदतनीस आहे आणि बाई साठ वर्षांच्या होत आहेत. नववीत शाळा सुटलेल्या माणसाला त्यांच्या या गौरवग्रंथात लिहायला बोलावले, याचे दडपण आहे. काही चुकले तर मोठ्यांनी सांभाळून घ्यावे.

मोहफुले वेचायला जमीन मोकळी व्हावी म्हणून आमच्याकडे झाडाखालचा पालापाचोळा जाळतात. आई तेच करत होती. वारा फिरला आणि लुगड्याने पेट घेतला. उजवा दंड आणि काख भाजली. बाईंनी तिच्याच मांडीची कातडी काढून तिथे लावली आणि ती रुजलीही. पण दुखते म्हणून आई हात अंगाशी आवळून बसे. कुणी हात लावला की ओरडे. बाईंनी मला बाजूला नेऊन सांगितले, "असाच ठेवला तर काख आकसते, मग हात वर होत नाई. अन् जबरदस्ती केली तर माय जवळ येऊ द्यायची नाई." उजवा हात वर झाला नाही तर आई फुलांची टोपली डोक्यावर कशी घेणार, शिंक्यावरचे भांडे कसे काढणार? मला दुसरे काही सुचत नव्हते.

गावचा रस्ता विचारणे ही बाईंची पद्धतच आहे. ओली पट्टी पदरापदराने सुटत असते आणि रोगी गावाकडे चालत असतो. ऐकणारेही निघतात. पंख्याचा आवाज सागाच्या पानांतला होतो, फिनाइलचा वास विरतो आणि खाटा धानाच्या बांधांवरून सावकाश तरंगत जातात, असे मला आजही वाटते. गाव सिरोंच्याकडचे असले तर वाटेत तेलुगू शब्द भेटतात.

एका दुपारी पट्टी सुटत असताना, बोलता बोलता आई गावच्या फाट्यावर उतरली आणि चालू लागली.

"नाल्याले पाणी आहे का?" बाईंनी विचारले.

"उन्हाळ्यात कायचं पाणी! रेती पोळते, चपला घालून चाला."

शेजारच्या खाटेवरचे आरमोरीचे भाऊ म्हणाले, "काकू, हळू चाला ना. मी दमून राह्यलो."

"तुमचे तं हात भाजले, पाय काऊन दमले?"

वॉर्ड हसला. मग आमचे मोहाचे झाड आले. पट्टीवरची नजर न काढता बाईंनी विचारले, "त्याची खालची फांदी किती उंच आहे?"

"हे एवढी," म्हणत आईने हात उचलला.

हात खांद्यापर्यंत गेला. बाई म्हणाल्या, "इतकीच? मले वाटलं, मोठं झाड असन."

"इतकीच कायची!" आई चिडली. हात आणखी वर गेला. तिचे तोंड वेडेवाकडे झाले, डोळे भरले, पण फांदी तिने खाली येऊ दिली नाही. त्यानंतर फांदी रोज थोडी उंच होत गेली.

बाई रागावतातही. भाजल्यावर शाई, शेण, टूथपेस्ट लावून आणणाऱ्यांना त्या दाराबाहेर गाठतात: "आधी पाणी! साधं पाणी, ओतत राहा!" रोग्यापुढे मात्र आवाज चढत नाही. पट्टी सोडायला शिकताना मी घाई करत असे. त्या म्हणत, "थांबा. रोगी थांबते आपल्यासाठी." ते ऐकले की मी पुढचा पदर सावकाश सोडवू लागे.

या लेखाच्या शेवटी बाईंसाठी काय मागावे, ते ठरेना. आईला विचारले. ती अंगणात डोक्यावरच्या मांडवावर वालाचा वेल चढवत होती. म्हणाली, "डॉक्टरबाईले म्हन, लय वर्षं जगा. अन् सोताचं दुखणं अंगावर काढू नका, गोळ्या टाइमावर घ्या." बोलताना ती वळली नाही. तिचे दोन्ही हात वर गुंतले होते.

बाई, आमच्या सर्वांच्या वतीने तेवढे ऐकावे.