दादांना बर्फ ठाऊक होता

वडील वाळूजच्या कंपनीतून निवृत्त झाले, त्या वर्षी मी आईवडिलांना मनालीला घेऊन गेले. बजाजनगरच्या आमच्या घरात बर्फ म्हणजे फ्रीजरच्या कप्प्यात साठतो तेवढाच. वर खिंडीच्या अलीकडं गाडी थांबली, पांढऱ्या उतारावर पायांना स्कीच्या लांब पट्ट्या लावून माणसं घसरताना दिसली, तेव्हा आई खाली उतरायलाच तयार होईना. भाड्यानं घेतलेला कोट हुंगत म्हणाली, "कोणाकोणाच्या अंगावरचा असंल!"

दादा, म्हणजे माझे वडील, सरळ स्कीवाल्याकडं गेले. मला वाटलं, फोटोपुरते उभे राहतील. त्यांनी बुटाचं टोक आधी स्कीवरच्या पकडीत सारलं, मग टाच दाबली. खटका वाजला. समजावून सांगायला वाकलेला स्कीवाला तसाच राहिला. दादा गुडघ्यात वाकून उतारावरून निघाले, मधल्या घोळक्याला वळसा घातला आणि खाली जाऊन आडवे वळून थांबले. पडले नाहीत.

"अंकलजी तो सीखे हुए हैं," स्कीवाला म्हणाला.

आई माझ्या कानाशी लागली. "हे इथं पहिल्यांदा नाय आलेले."

"टीव्हीवर बघितलं असंल."

"टीव्हीवर बघून विहिरीत पोहता येतं का?"

लग्नाआधी एक हिवाळा दादा कुठं होते, हे तिला कधी नीट कळलंच नव्हतं. सासरी विचारलं की 'इंदूरला, मावशीकडं' एवढंच उत्तर मिळायचं. ती मावशी लग्नाला आली नाही, माझ्या बारशालाही नाही, आणि ती गेल्याचंही कोणी कधी सांगितलं नाही. हॉटेलवर आईनं हे सगळं कुजबुजत सांगितलं आणि मीही दादांवर नजर ठेवू लागले. चहावाल्याशी इतका वेळ काय बोलत होते? येणाऱ्याजाणाऱ्या म्हाताऱ्या बायांच्या तोंडाकडं का बघतात?

सकाळी नाष्ट्याला आईनं विचारलंच. "मावशी खरी का खोटी?"

दादांनी पराठा खाली ठेवला. "खोटी."

आजोबांशी भांडून ते लासूर स्टेशनहून कांद्याच्या ट्रकवर क्लीनर म्हणून निघाले होते. दिल्लीत तो ट्रक सोडला, दुसरा धरून इकडं आले. बर्फानं रस्ता बंद झाला आणि अडकले. इथल्या एका म्हाताऱ्यानं ठेवून घेतलं. पाहुण्यांच्या स्की उतारावर वाहून न्यायच्या, हे काम. पाहुणे गेले की म्हातारा दादांना स्कीवर घसरायला शिकवायचा. घरी परतल्यावर आजोबांनीच मावशी उभी केली. पळून गेलेल्या पोराला पोरगी कोण देणार?

"आमच्या बापानं नसतीच दिली," आई म्हणाली. "पण नंतर तरी सांगायचं."

"आधी भीती वाटायची. मग तू विचारायचं सोडलंस."

"त्या म्हाताऱ्याला लेक होती का?"

"दोन्ही पोरगेच होते."

"व्हय?" आई म्हणाली. त्या 'व्हय'मध्ये विश्वास कमीच होता.

दादा आम्हाला त्या म्हाताऱ्याचं घर दाखवायला घेऊन गेले. तिथं आता मोठं हॉटेल होतं. काउंटरवरच्या माणसाला काहीच माहीत नव्हतं. दादा बराच वेळ बाहेर उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. ते थंडीनं की कशानं, हे आई बारकाईनं बघत होती. मग तिनं त्यांचा मफलर नीट केला.

घरी आल्यावर तिनं शेजारणींना सगळे फोटो दाखवले. दादांचा स्कीवरचा फोटो आला की मात्र कोणी काही विचारायच्या आत अंगठ्यानं पटकन पुढं सरकवायची.