पुलाशी थांबलेली एसटी

दिल्लीच्या विमानतळावर मांडीवर साडीचं खोकं घेऊन मी बसलो होतो, आणि बाहेर धुकं दाटत होतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी पंचेचाळिशीचा होतो, नोकरीनं दिल्लीत. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा सतराच्या मुहूर्तावर चिंचणीला माझ्या धाकट्या भाचीचं, मंदाचं लग्न होतं. खोक्यात तिची अष्टपुत्री होती (मामाकडून येणारी पिवळी साडी; ती नेसूनच नवरी बोहल्यावर उभी राहते).

ताईनं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, "वसंता, आगगाडीनं ये. एक दिवस जास्त लागेल, पण पोचशील." तो दिवस मी वाचवला. थोरल्या सुलभाच्या लग्नातही मी असाच दिवस वाचवला होता आणि अक्षता पडल्यावर पोचलो होतो. सुलभा शेजारून मागून आणलेली साडी नेसून उभी राहिली. ताई मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तासन्‌तास खोळंबून विमान पहाटे कधीतरी मुंबईला उतरलं. अंधेरीला मित्राकडे माझी जुनी फियाट असायची. ती काढली, वसईची खाडी ओलांडली आणि मोकळ्या हायवेवर स्वतःच्या हातात चाक आल्यावर जीव जरा थाऱ्यावर आला. मनोरपाशी बॉनेटमधून वाफ निघू लागली.

नाक्यावरच्या मेकॅनिकनं आत डोकं घालून सांगितलं, "साहेब, पाण्याचा पंप गेला. नवीन आणायला मुंबई. संध्याकाळ धरा."

"मला बाराच्या आत चिंचणीला पोचायचंय. भाचीचं लग्न आहे."

"मग माझ्या तोंडाकडं काय बघताय? ती पालघरची एसटी निघाली. पळा!"

पळालो. बस भरलेली होती. कामासाठी घरदार बांधून निघालेल्या एका डोंगरातल्या माणसानं आपलं गाठोडं पायाखाली ओढून मला टेकायला जागा केली. वाघोबा खिंडीत बस हळू झाली आणि त्याच्यासकट साऱ्यांचे हात कपाळाला गेले. इथे वाघोबाचं ठाणं आहे. इकडच्या जुन्या नोकरीच्या काळात या खिंडीतून मी कित्येकदा मोटार हाकली होती, पण ते देऊळ कधी दिसलं नव्हतं. मीही हात जोडले.

पालघरला आगगाडीची शटल मिळाली. दारापाशी रिकामी टोपली घेऊन एक कोळीण बसली होती. पालघरच्या बाजारात म्हावरा (मासळी) विकून तारापूरला परत चालली होती. मी सारखं घड्याळ बघत होतो. उमरोळीला गाडी थांबली ती थांबलीच. मागून एक्स्प्रेस जायची होती. बोईसरहून चिंचणीची बस अकराला सुटायची. अकरा वाजून गेले.

"मावशी, बस गेली असेल हो," मी म्हटलं.

"कुटं जाते? गाडी आल्याबिगर तो डायवर हालत नाय. टेसनच्या पुलावरचा शेवटचा माणूस उतरला, का मंग घंटी. आमचं हे असंच हाय."

ते मला ठाऊक होतं. इतकं ठाऊक होतं की मला तिच्याकडे बघवेना. दहा वर्षांपूर्वी मी कुंभवलीजवळच्या एका कारखान्यात अधिकारी होतो. बस गाडीसाठी खोळंबते आणि आमचे कामगार उशिरा येतात, म्हणून मी डेपोला तक्रार लिहिली. त्यानंतर काही दिवस बस ठोक्याला सुटली. पालघरहून माल घेऊन गाडीनं आलेल्या आणि भरल्या टोपल्यांसह उन्हात उभ्या राहिलेल्या बायका मी फियाटमधून पाहिल्या. मागची सीट रिकामी होती. वास लागेल म्हणून मी थांबलो नाही.

का कोण जाणे, हे सगळं मी तिला तिथेच सांगून टाकलं. ती टोपली बाजूला सारून माझ्याकडे वळली.

"तू होता काय तो! चार दिस म्हावरा नासला आमचा. तुला किती शिव्या घातल्या, ठाव हाय?"

"घालायलाच हव्या होत्या."

"घातल्या ना! पोटभर घातल्या," ती म्हणाली आणि खळखळून हसली. "खोक्यात काय हाय?"

"भाचीची अष्टपुत्री."

ती हसायची थांबली. "आणि तू मामा? मंग आण इकडं. बोईसरला मी पुढं धावते. तुजे पाय शहराचे."

मी खोकं छातीशी धरलं. तेच, वासाचं, मनात आलं. तिला ते कळलं. "टोपली धुतलेली हाय, मामा," एवढंच म्हणाली. मी खोकं टोपलीत ठेवलं.

बोईसरला गाडी शिरली तेव्हा अकरा वीस झाले होते. टोपली डोक्यावर घेऊन ती गर्दीतून पूल चढली आणि दिसेनाशी झाली. मी बॅग ओढत, धापा टाकत मागे. खाली उतरलो तर बस उभी होती, मावशीचा एक पाय पायरीवर होता आणि ती ओरडत होती, "थांब रं, नवरीचा मामा येते!"

कंडक्टर म्हणाला, "या मामा, तुमचीच वाट बघतोय." मग घंटी वाजली. कारखान्यांची धुराडी मागे पडली, वाऱ्याला खारट वास आला, आणि साऱ्या बसनं मला मामा करून टाकलं. कुणी पाणी दिलं, कुणी बॅग धरली. चिंचणीला उतरताना खोकं माझ्या हाती देत मावशी म्हणाली, "जा. आता अर्ज लिहू नको."

बाराला दहा कमी होते. ताईनं दारातच खोकं उघडलं, साडी नाकाशी नेली, मासळीचा पुसट वास ओळखला आणि म्हणाली, "एसटीनं आलास ना?" तिचे डोळे भरले होते. मंदा ती साडी नेसूनच मंडपात आली आणि तिचा हात माझ्या हातात होता. सुलभा समोर उभी राहून बघत होती. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "मामा, आज आलास ना!"

दुसऱ्या दिवशी एसटीनंच निघालो. विमानानं मला धुक्यात बसवलं, मोटारीनं मनोरला सोडलं. त्यांचा राग नाही. पण त्या दोन्ही प्रवासांत माझ्यासाठी थांबणारं कुणी नव्हतं, आणि मी तरी कुणासाठी थांबलो होतो?

बोईसरला उतरलो तेव्हा पुलाशी दुसरी बस उभी होती. मागे एक पांढरी मोटार हॉर्न वाजवत होती. तो हॉर्न माझ्या ओळखीचा होता; दहा वर्षांपूर्वी मीही असाच वाजवायचो. मी काचेशी वाकलो. आत माझ्याच वयाचे एक गृहस्थ होते.

"गाडी आलीय," मी म्हटलं. "माणसं पुलावर आहेत. दोन मिनिटं थांबा."