कडेची खुर्ची

आमच्या नाट्यगृहात फिरता रंगमंच आहे. मोठी लाकडी चकती, खाली मोटर, आणि मोटरपाशी चक्रीकाका. एकतीस वर्षं. वर टाळ्या पडायच्या, खाली त्यांच्या डोक्यावर धूळ.

मी तिथे प्रॉम्प्टर होतो. साहित्याची पदवी घेऊन विंगेतून दुसऱ्यांची विसरलेली वाक्यं कुजबुजायची, हे माझं करिअर. काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "कवितेवर पोट भरतं का रे?" मी नाही म्हणालो. "मग चहा घे." तिथून आमची मैत्री.

नव्या नाटकाचे दिग्दर्शक आणि नायक एकच होते. लेखक वेगळा होता, ते त्यांनी मोठ्या मनाने सोसलं. त्यांना सगळे सर म्हणत. न म्हणणाऱ्याला पुढचं नाटक मिळत नसे. सर चकतीच्या मधोमध उभे राहत. नायकाच्या आईची खुर्ची अगदी कडेला. आईचं काम काकूंकडे, म्हणजे काकांच्या बायकोकडे. अकरा वर्षांनी त्यांना वाक्यं मिळाली होती. मोजून आठ. पण गेल्याच वर्षी त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. आता पडलात तर उठणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

तालीम छोट्या चकतीवर झाली. तिथे खुर्ची मध्यापासून एक मीटरवर. सहा सेकंदांत एक फेरी, संगीतही तेवढंच. खुर्ची हलली नाही. सर म्हणाले, मोठ्या मंचावरही सहाच सेकंद.

"सर, इथे खुर्ची चार मीटरवर आहे," काका म्हणाले. "वेळ तेवढाच, अंतर चौपट. तिला वळवायला ओढही चौपट लागणार. फळीला तेवढी पकड नाही."

"म्हणजे खुर्ची बाहेर फेकली जाणार?"

"फेकतंय कोण? ती आपली सरळ निघणार. फळी आत ओढते म्हणून वळते. बारा सेकंद द्या. वेळ दुप्पट केला की ओढ चौथाईवर येते, तालमीइतकीच."

"बारा सेकंदांत प्रेक्षक झोपेल. खुर्ची ठोकून टाका."

"खुर्ची ठोकतो. बाईला कशी ठोकू? एकदा तुम्हीच बसून बघा ना कडेला."

सर हसले. "नायक मध्यभागी असतो, काका."

बरोबर मधोमध ओढ जवळजवळ नसतेच. सरांना हे माहीत नव्हतं. त्यांना ते आयुष्यभर सवयीचं होतं.

"अगं, सोड हे काम," काका घरी म्हणाले.

"आठ वाक्यं आहेत हो," काकू म्हणाल्या. "पडले तर पडले."

पहिल्या प्रयोगात काकांनी बारा सेकंद घेतले. कुणालाही न विचारता. संगीत सहाव्या सेकंदाला संपलं, तेव्हा सर अर्धेच फिरले होते. त्यांनी प्रेक्षकांकडे पाठ करून हात पसरले आणि गर्जना केली, "आई, मी परत आलो!" प्रेक्षक पोट धरून हसले. खुर्ची तसूभर हलली नाही. काकू आठही वाक्यं बोलल्या.

दुसऱ्या दिवशी काकांना काढलं. काकूंनाही. आईची वाक्यं ध्वनिमुद्रित केली, तीही दुसऱ्याच बाईंच्या आवाजात. खुर्ची मात्र तशीच ठेवली, ठोकायचंही राहून गेलं. रिकामी खुर्ची प्रतीकात्मक आहे, असं सर म्हणाले. काकू चार दिवस काकांशी बोलल्या नाहीत.

पाचव्या दिवशी दुसरा प्रयोग. मोटरवर नवा माणूस, सहा सेकंद. चकती सुटली आणि खुर्ची निघाली. सरळ. माझ्या गुडघ्याजवळून जाऊन विंगेतल्या भिंतीवर आपटली. तिचा पाय तुटला. सर मध्यभागी डोळे मिटून उभे होते. काहीच नसलेल्या जागेकडे हात पसरून म्हणाले, "आई, मी परत आलो!" पुढचं वाक्य ते विसरले. मला ते माहीत होतं. मी मात्र वाकून खुर्चीचा तुटका पाय उचलला.

प्रयोगानंतर तो तुटका पाय घेऊन मी काकांच्या घरी गेलो. काकूंनी तो हातात घेऊन उलटासुलटा पाहिला.

"मी असते ना रे यात?"

मी मान डोलावली.

त्यांनी तो पाय भिंतीला टेकवून ठेवला. मग आतल्या खोलीकडे पाहून म्हणाल्या, "अहो, तिघांचा चहा टाका."

काका लगेच उठले.