ज्या नदीला ओहोटी नाही

ब्राइलाला हौसेनं कुणी जात नाही, हे आधीच सांगून टाकतो. रत्नागिरीत हे नाव काढलं की लोक विचारतात, "हे कुठं आलं बाबा? गणपतीपुळ्याच्या पुढं का?" तर हे गाव रुमानियात, डॅन्यूब नावाच्या भल्यामोठ्या नदीकाठी. धान्याचं बंदर आहे. मी आगबोटीवर सुकाणी, म्हणजे चक्र हातात धरून जहाज सरळ ठेवणारा. तिकडे जाणारी बोट मिळावी म्हणून खलाशांची भरती करणाऱ्या सारंगाच्या नाकदुऱ्या काढल्या, मुंबईत दीड महिना नुसता बसून राहिलो, दोन चांगल्या बोटी हातच्या सोडल्या.

कारण माझा थोरला भाऊ. दादाही जहाजावरच होता. सहा वर्षांपूर्वी त्या गावाहून पत्र आलं की नदीत बुडाला, प्रेत हाती लागलं नाही. आता आम्ही पडलो भाट्याच्या खाडीकाठची माणसं. आमच्याकडे पाणी माणूस नेतं आणि पाणीच आणून देतं. या भरतीला नाही तर पुढच्या, पण कुठल्या तरी पुळणीवर ठेवतंच. त्यामुळे ते पत्र वाचून घरात कुणी रडलंच नाही. पाण्यानं परत दिला नाही, म्हणजे पाण्यात गेलाच नाही! मग आहे कुठं? गावाला उत्तर सुचायला कितीसा वेळ लागतो? तिकडेच राहिला, गोरी बाई केली, पोर झालं. पोराचे डोळे निळे आहेत, इथपर्यंत लोकांना माहीत.

बोट ठरल्यावर मुंबईहून चार दिवस घरी आलो होतो. परत निघायच्या दिवशी वहिनी बंदरापर्यंत आली. एरवी येत नाही. म्हणाली, "भावजी, मेला असंल तर तसं सांगा. संसार मांडून बसला असंल तर तसं सांगा. माझी समजूत घालू नका. खरं काय ता सांगा." मी हो म्हणालो आणि पडावात उडी मारली.

वैशाख संपत आला होता, पावसाळ्याआधीच्या शेवटच्या फेऱ्या चालू होत्या. रत्नागिरीला बोट धक्क्याला लागत नाही, पडावानं समुद्रात जाऊन चढायचं, हे नवख्यानं लक्षात ठेवावं आणि पायांत नवं पायताण घालू नये. डेकवर पथारी टाकली की मुंबई. तिथून एडन, सुएझ, मग इस्तंबूल. इस्तंबूलची खाडी पहाटे पार केली तेव्हा दोन्ही काठांवर घरं इतकी जवळ होती की एका खिडकीत कुणी बाई केस विंचरत होती ती दिसली. पुढे काळा समुद्र. काळा कसला, आपल्यापेक्षाही निळा आहे.

सुलिना नावाच्या मुखाशी नदीचा वाटाड्या जहाजावर चढला आणि आम्ही समुद्र सोडून जमिनीत शिरलो. दिवसभर दोन्हीकडे माणसाच्या दुप्पट उंचीचं गवत. त्यात पांढरे, गळ्याखाली पिशवी असलेले पक्षी. इंजिनाचा आवाजही त्या गवतात शिरून नाहीसा होत होता. वाटाड्या बोटानं खुणा करी, मी चक्र फिरवी, आणि मला सारखं वाटे की आपण झोपेत आहोत आणि कुणी हलकेच पुढे नेतंय. याच वाटेनं दादा गेला असेल, याच गवताकडे बघत. हातातलं चक्र ओलं झालं ते घामानं, असं मी वाटाड्याला खुणेनं सांगितलं.

ब्राइला गाव मात्र मजेचं. तिथं तीनशे वर्षं तुर्कांचा किल्ला होता. तो गेला आणि मग नव्यानं रस्ते आखले, ते सगळे धनुष्यासारखे वाकडे. नदीपासून निघतात, गावाला वळसा घालतात आणि पुन्हा नदीवरच येतात. मी पहिल्या दिवशी तीनदा वाट चुकलो आणि तिन्ही वेळा पाण्याशी येऊन उभा राहिलो. मशिदीचं चर्च झालंय, आणि आत गेलं तर अंगाला अजून मशिदीतलाच गारवा लागतो. व्यापारी ग्रीक, कोळी रशियन, लांब दाढीवाले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एक झाड फुललेलं होतं, फिकट पिवळ्या फुलांचं. त्याचा वास मधाचा. संध्याकाळी बायका ती फुलं पिशव्यांत भरून नेतात, वाळवतात आणि चहासारखी उकळून पितात.

खाण्याचं सांगतो. मक्याच्या पिठाचं घट्ट पिवळं शिजवतात, दोऱ्यानं कापून वाढतात. सोबत माशाचं आंबट सार. आंबटपणा कोंडा आंबवून आणतात. वाईट नाही, पण आमसुलाची सर नाही म्हणजे नाही! चार-पाच आण्यांत माणूस पोटभर जेवतो. गावात वीज आहे, ट्राम आहे. भाडं किरकोळ, पण गाव एवढंसं की पायी हिंडावं. धक्क्यावर हमाल गव्हाची पोती पाठीवर घेऊन फळीवरून पळतात आणि सगळ्या हवेत पांढरी धूळ तरंगत असते. उन्हात ती सोनेरी दिसते.

आता माझा गाढवपणा. दादा कुठं बुडाला हे धक्क्यावर कुणाला सांगता येईना. म्हटलं, ओहोटी लागू दे, काठ उघडा पडेल, चिखल, खड्डे, झाडांची मुळं दिसतील. मग बघू पाणी वस्तू कुठं आणून टाकतं ते. आपल्याकडे असंच शोधतात. तेव्हा रजेच्या दिवशी सकाळीच जाऊन एका दगडावर बसलो. ऊन चढलं, पाणी तिथंच. दुपार झाली, पाणी तिथंच. फुलांचा वास, मधमाश्यांची गुणगुण, पाणी आपलं चाललंय उजवीकडून डावीकडे. डुलकी लागली. उठलो तरी पाणी तिथंच.

मागं एक कॉफीचं दुकान होतं. त्याचा मालक तुर्क, इस्माईल नावाचा, तरुणपणी इंग्रजांच्या बोटीवर कोळसा ओढलेला, त्यामुळे जहाजी हिंदुस्तानी बोलणारा. तो कॉफीचा इवलासा पेला घेऊन माझ्याकडे आला.

"भाई, सुबह से किसकी राह देखता है?"

"ओहोटीची," मी म्हणालो. त्याला समजेना म्हणून हातानं दाखवलं, पाणी खाली जातं, परत येतं.

तो आधी हसला. मग माझा चेहरा बघून थांबला. "ये दरिया वापस नहीं आता," तो म्हणाला. "कभी नहीं."

हुगळी पाहिली होती, लंडनची नदी पाहिली होती, सगळीकडे पाणी उलटं फिरताना पाहिलं होतं. इथं तर नांगरावरचं आमचं जहाज, ओहोटी असती तर फिरलं असतं ते, चार दिवस एकाच दिशेला नाक करून उभं होतं, तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. सुकाणी म्हणवतो मी! आणि घरी सहा वर्षं आम्ही काय केलं? भाट्याची खाडी डोक्यात धरून या नदीची वाट पाहिली. मला तिथंच रडू आलं.

इस्माईलला सगळं सांगितलं. तो उठला आणि तासाभरात एका दाढीवाल्या म्हाताऱ्या कोळ्याला घेऊन आला. त्याचं नाव वासिली. इस्माईल विचारी, तो सांगे. सहा वर्षांपूर्वी, बर्फ वितळून नदी फुगलेली असताना, जहाजाचा दोर काठाला न्यायला दोघे एका होडीतून निघाले. होडी उलटली. वासिलीनं एकाला ओढून घेतला, तो हिंदुस्तानी नव्हता. दुसऱ्याचा हात तेवढा पाण्यावर दिसला. म्हाताऱ्यानं स्वतःचा डावा हात वर केला आणि करंगळी तळव्यात मुडपून धरली.

मी काहीच विचारलं नव्हतं. दादाची डावी करंगळी फार पूर्वी दोराच्या फिरत्या चक्रात गेली होती.

कोळ्यांनी तीन दिवस जाळी टाकून शोधलं, खाली गवतापर्यंत गेले. तिथं हजार फाटे आहेत, वासिली म्हणाला, तिथून काही मिळत नाही. मग त्यानं मला आपल्या होडीत बसवून त्या जागी नेलं. सूर्य मावळायला टेकला होता. त्यानं टोपी काढली. मी ओंजळभर ती पिवळी फुलं पाण्यावर सोडली, ती गेली, आणि सवयीनं मी ती परत येतात का बघत राहिलो. परतताना वासिलीला पैसे देऊ लागलो तर रागावला.

दिवाळीनंतर घरी आलो. लोक विचारतात तिकडून काय आणलंस. जाणाऱ्यानं आणावं असं तिथं काही नाही. जावं मात्र जरूर, ज्येष्ठात जावं, झाडं फुललेली असताना. मला तो वास अजून येतो, आणि आता मी खाडीवर भरती चढताना पाहिली की उगाच उभा राहतो. पूर्वी कधी तिच्याकडे लक्षही गेलं नव्हतं.

वहिनी पडवीत कुळीथ पाखडत होती. मी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं, करंगळीसकट. तिनं सूप खाली ठेवलं.

"ती नदी उलटी फिरतच नाय? अमावास्येला पण?"

"नाही वहिनी. एकदाही नाही."

"मग तो यायचा कसा," ती म्हणाली. मग एकदम तिचा बांध फुटला. "म्हंजे मना टाकून नाय गेला हो भावजी! नाय ना गेला टाकून?" रडत होती आणि रडता रडता तिचा चेहरा उजळत होता. इतक्या वर्षांत तिला असं मी पाहिलं नव्हतं.

आवाज ऐकून शेजारच्या काकू आल्या. काय झालं ते कळल्यावर डोळ्यांना पदर लावला आणि रीत म्हणून वहिनीच्या कपाळाकडे हात नेला. वहिनीनं तो मधेच धरला.

"सहा वर्सं रागानं लावलंय ह्ये कुंकू, काकू," ती म्हणाली. "आजचा दिस मायेनं लावू दे. उद्या पुसा."