तिकडची बाजू

जड काहीही उचलायचं असलं, की मावशी आधी पदर खोचायची, एका बाजूनं हात घालायची आणि समोरच्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणायची, "धर, देवबापा, तिकडनं." मग उचलायची. पाण्याचा हंडा असो, ज्वारीचं पोतं असो, नाहीतर उन्हानं आडवी झालेली शेजाऱ्याची शेळी असो.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मागं वळून पाहिलं. घरात कुणी पुरुष माणूस असेल आणि त्याला देवबाप म्हणत असतील, असं मला वाटलं. मावशी त्यावर आठवडाभर हसत होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती.

मी तेव्हा संगमनेरकडून बदली होऊन मिरजगावच्या अलीकडच्या एका खेड्यात शाळामास्तर म्हणून आलो होतो. बिनलग्नाच्या माणसाला गावात कुणी खोली देईना. शेवटी ख्रिस्ती वस्तीत, चर्चला लागून एक खोली मिळाली. मावशी समोरच राहायची. नवरा वारलेला, एकुलती लेक नगरला नर्स. वय पन्नाशीच्या पुढं, अंगानं काटकुळी, आवाज मात्र शाळेच्या घंटेसारखा. माझी जेवणाची सोय तिच्याकडेच झाली. वस्तीतला चहा पितो म्हणून गावातल्या दोघा-तिघांनी मला आडून सुनावलं. चहा चांगला होता. मी सोडला नाही.

देवाधर्मात मी कधी रमलो नाही. त्यामुळे तिला चिडवायची एकही संधी वाया घालवत नसे.

"मावशी, देवबाप खरंच धरतो का हो?"

"न धरून सांगतो कुनाला! माझ्या हाडांकडं बगा आन या हंड्याकडं बगा. एकटीला उचलंल का?"

"आणि एखाद्या दिवशी त्यानं सोडलं तर?"

"मी सोडते कवाकवा. त्यो न्हाई सोडत."

अशा माणसाशी वाद घालण्यात काही मजा नसते, हे तुम्हीही अनुभवलं असेल.

त्या साली पावसानं लागोपाठ दुसऱ्यांदा दगा दिला. माणसं सरकारी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. शाळेत पोरांना खायला सुकडी वाटायला लागल्यावर माझ्या वर्गाची हजेरी एकदम सुधारली. उन्हाळ्याच्या तोंडाला गावची विहीर आटली. टँकर यायचा, पण त्याच्या मनाला येईल तेव्हा. मावशीच्या परसातल्या आडाला मात्र पाणी होतं. दिवसाकाठी वीसेक घागरी निघायच्या, मग तळ दिसायचा. तेवढ्यावर वस्तीची आठ घरं भागत होती.

या आडाची एक गोष्ट होती. पूर्वी वस्तीतल्या बायकांनी गावविहिरीच्या दोराला हात लावायचा नाही, असा रिवाज होता. घागर खाली ठेवायची आणि लांब उभं राहायचं. वरच्या आळीतल्या एखादीला दया आली तर ती वरून पाणी ओतणार. लेक तान्ही असताना मावशी अशीच एकदा सकाळपासून दुपार टळेपर्यंत उभी राहिली. घरी पोरगी तापानं फणफणलेली. शेवटी तिनं दोराला हात घातला. त्यावर वरच्या आळीतल्या आक्कांनी दगड घालून तिची घागर फोडली. आक्का तिच्याच वयाच्या, मोठ्या घरच्या सून.

मावशीच्या नवऱ्यानं त्याच दिवशी कुदळ काढली. दोन उन्हाळे खणत होता. पाणी लागलं तेव्हा मावशीनं फुटक्या घागरीचा शाबूत राहिलेला गळा आडाच्या कठड्यावर आणून ठेवला. भरलेली घागर डुगडुगू नये म्हणून ती त्यावर टेकवायची. इतकी वर्षं रोज पाणी भरताना तो गळा तिच्या हाताला लागत होता.

आणि आता त्याच आक्का येऊ लागल्या. भर दुपारी, गल्लीत चिटपाखरू नसताना. रिकामा हंडा घेऊन कुंपणाबाहेर उभ्या राहायच्या. मागायच्या काहीच नाहीत. घरात नवरा अंथरुणाला खिळलेला, टँकरचा चार दिवस पत्ता नाही. मावशीनं त्यांना पाहिलं, आत गेली आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशीही तसंच.

पुढं जे झालं त्याला थोडासा मीही कारण आहे. मावशीला वाचता येत नव्हतं आणि पाळक महिन्यातून एकदा यायचे. म्हणून रविवारी दुपारी तिला शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. मी वर्तमानपत्र वाचावं तसं वाचत सुटायचो. त्या रविवारी मध्येच, वैरी तहानेला असला तर त्याला प्यायला दे, अशा अर्थाची ओळ आली. मी पुढं गेलो. मावशी गेली नाही.

"परत वाचा, मास्तर."

वाचलं.

"छापायला चुकलं आसंल."

"मावशी, असं कसं चुकेल?"

"पाळकांच्या पुस्तकात बगा."

पाळकांचं पुस्तक चर्चच्या कपाटात असायचं. जाऊन पाहिलं. तिथंही तेच होतं. मावशी पुटपुटली, "समद्यांनी मिळून ठरवलंय जनू."

मला तिची दया आली आणि आक्कांचा रागही आला. म्हणालो, "नाही दिलं तर तुम्हाला कोण बोलणार आहे? मी तर दिलं नसतं."

"तुमास्नी कुठं सांगितलंय त्यानं? मला सांगितलंय." मग म्हणाली, "आन मला व्हायचं न्हाई, ह्ये बी त्याला ठाव हाय. तरी सांगतोय. म्हंजी त्यानं कायतरी इचार केलाच आसंल."

दोन दिवस भाकरी करपल्या. मी गप्प खाल्ल्या.

मंगळवारी शाळेच्या मधल्या सुट्टीत मी घरी आलो, तर आक्का कुंपणापाशी आणि मावशी आडापाशी. मावशीचा हात त्या घागरीच्या गळ्यावर होता. कुणी ऐकतंय याची फिकीर न करता ती मोठ्यानं म्हणाली, "देवबापा, तू सांगितलंस, पर माझा हात उठंना. राग अजून हितंच बसलाय. आता तूच काय ते बग."

मग तिनं मान वळवली. "या आक्का, आत या."

आक्का आत आल्या. हंडा जमिनीवर ठेवला आणि चार पावलं मागं सरून उभ्या राहिल्या. गावविहिरीवर वस्तीतल्या बायका उभ्या राहायच्या, अगदी तशाच. मावशी त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली. तिच्या मनात काय आलं असेल ते मला कळत होतं, आणि खरं सांगायचं तर ती आता वरून पाणी ओतेल, असंच मला वाटलं. किंबहुना तिनं ओतावं, असं वाटलं.

"तिथं न्हाई," मावशी म्हणाली. "हितं या. दोर घ्या."

आक्कांनी दोर घेतला. तिसऱ्या पोहऱ्याला खाली बघतच त्या म्हणाल्या, "ती घागर म्यांच फोडली हुती."

"ठाव हाय. मी तिथंच हुते की."

"लई वंगाळ केलं म्यां."

मावशी हसली, असं लिहायला मला आवडलं असतं. ती हसली नाही.

हंडा भरला. भरलेला हंडा एकटीला डोक्यावर घेता येत नाही, दुसऱ्या बाजूनं कुणीतरी उचलू लागावं लागतं. आक्कांनी एकदा प्रयत्न केला, पाणी हिंदकळलं. आता मावशी पुढं झाली. पदर खोचला, वाकली, सवयीनं "धर" म्हणाली आणि मध्येच थांबली. समोरची जागा आज रिकामी नव्हती. दोघींनी मिळून हंडा उचलला आणि आक्कांच्या डोक्यावर ठेवला.

आक्का गेल्यावर मावशी ओट्यावर येऊन बसली.

"मास्तर, आज तिकडनं मी हुते," ती म्हणाली. तिला स्वतःलाच ते नवल वाटत होतं.

"राग गेला का?"

"अर्धा गेला. अर्धा उंद्या. उंद्या बी ती येनारच हाय की."

आक्का रोज येऊ लागल्या. मग त्यांच्या आळीतल्या आणखी दोघी-तिघी आल्या. पाणी पुरायचं नाही म्हणून वस्तीत कुरकुर झाली. पण आक्कांचा थोरला मुलगा कामावरून आला, की आडात उतरून गाळ काढू लागला. वरून मावशी पाटी ओढायची आणि तिचं ते वाक्य दर पाटीला आडात घुमायचं. पाणी पावसाळ्यापर्यंत पुरलं. गाळ निघाल्यानं झरे मोकळे झाले, असं मी तिला कागदावर आकृती काढून समजावलं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. "व्हय व्हय, झरे," ती म्हणाली आणि मला चहा दिला.

दोन वर्षांनी माझी बदली झाली. त्यानंतर वर्षभरातच तिच्या लेकीचा निरोप आला. मिळेल त्या एस.टी.नं गेलो. वस्तीत गावातलीही बरीच माणसं होती. आडाच्या कठड्याला टेकून आक्का बसल्या होत्या. मला पाहून त्या रडू लागल्या, आणि मीही काही फार धीराचा नाही.

पेटी उचलायची वेळ आली. पुढचा एक कोपरा माझ्याकडे आला. मावशी एवढी काटकुळी, पण माझ्या हातांत जोरच राहिला नव्हता. मी पेटीला हात घातला आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो, "धर, देवबापा, तिकडनं."

समोरच्या कोपऱ्यावर आक्कांचा थोरला वाकला होता. त्यानं मान वर केली नाही.

"धरलंय, मास्तर," तो म्हणाला. "उचला."